कुंडाईचं निवळ पाणी

१

यात्रेच्या दिवशी उजाडता उजाडता कुंडाईच्या देवळातून घंटेचा आवाज यायला हवा होता. तो आला नाही. पोलीस पाटील कुशाबा पडवळ मुळातच चिडका माणूस, त्यात नवा सदरा काखेत काचत होता. पुजारी झोपला असणार, असं मनाशी ठरवून त्याला चार शब्द सुनवायला तो तरातरा निघाला. महाळुंगे पडवळच्या डोंगराच्या अंगाला ही कुंडवाडी, आणि वाडीपासून हाकेच्या अंतरावर देऊळ. पुजारी जागाच होता. कुंडाच्या पायरीवर बसून तो नुसता हाताने पाण्याकडे दाखवत होता.

कुंडातले सगळे मासे मेले होते. हातभर लांबीचे, पिढ्यान्‌पिढ्या कुणी गळ न लावलेले देवीचे मासे पोटं वर करून तरंगत होते. पंधरवड्यापूर्वीच कुंडाच्या तळाला नवी पांढरी फरशी बसवली होती, पाणी इतकं निवळ की फरशीचे सांधे दिसावेत. त्यामुळे एकही मेलेला मासा नजरेतून सुटत नव्हता. कुशाबाला आधी वाटलं, आपल्याला भोवळ आलीय. त्याने पायरीवर बूड टेकलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हातांना कालच्या फवारणीचा वास अजून येतच होता, म्हणून त्याने ते नव्या सदऱ्याला पुसले.

कुंडवाडीत यात्रेची पालखी उचलायच्या आधी माशांना पहिला घास द्यायची रीत होती. बाजरीच्या मलिद्याचा हा घास द्यायचा मान सोपान पडवळच्या घराण्याचा. माशांनी घास घेतला की देवी राजी, मग पालखी उठायची. मासे घासाला आले नाहीत असं आजवर कधी घडलं नव्हतं. आता घास खायलाच कुणी उरलं नव्हतं, म्हणजे पालखी अडली होती. दुपारपर्यंत पाहुणेरावळे येणार, मुंबईचे चाकरमाने येणार, तमाशाचा फड येणार. त्यांना काय सांगायचं?

हळूहळू गाव जमलं. बायका तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. कुणी रडत होतं, कुणी देवी कोपली म्हणत होतं. एवढ्यात खालच्या अंगाने भागू पळत आला. गावात मासेमारी करणारा हा एकच, आणि त्याच्यावर कुणाचा काडीचाही विश्वास नव्हता.

"पाटील, खालच्या डबक्याकडं या," तो धापा टाकत म्हणाला. "तिथलं समदं जित्तं हायेत."

२

डोंगरातून येणारा ओढा देवळामागे गोमुखात पडायचा. तिथे जुन्या लोकांनी एक दगड असा बसवला होता की पाण्याचे दोन सारखे वाटे व्हावेत. एक वाटा कुंडात जायचा, दुसरा कुंडाला वळसा घालून खालच्या डबक्यात. डबकं उंबराच्या आणि जांभळाच्या दाट सावलीत. त्यात वर्षानुवर्षं पानं पडून कुजत आलेली, त्यामुळे पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस. त्या तांबूस पाण्यात बोटाएवढाली माशांची पिल्लं मजेत फिरत होती.

गाव ते बघत राहिलं. मग कुणीतरी म्हणालं, ही पिल्लं इथं ठेवली कुणी?

सोपानने. फरशीचं काम चाललं होतं तेव्हा कुंडातले मासे त्यानेच पाट्या भरभरून डबक्यात नेले होते, आणि काम झाल्यावर परत कुंडात सोडले होते. फक्त पिल्लं मागे ठेवली होती. का ठेवली, हे त्या वेळी कुणी विचारलं नव्हतं.

एकदा संशयाला तोंड फुटलं की त्याला शेपूट फुटायला वेळ लागत नाही. फरशीला विरोध कुणी केला होता? सोपानने. मार्गशीर्षातल्या ग्रामसभेत उभं राहून, "जुन्या पान्याला हात लावू नका, मासं मरतील," असं कोण म्हणालं होतं? सोपानच. आपलं म्हणणं खरं करून दाखवायला त्यानेच विष टाकलं, आणि आपल्या मानाला मासे उरावेत म्हणून पिल्लं आधीच बाजूला काढली. तिघं-चौघं त्याच्या गोठ्याकडे धावले आणि फवारणीच्या औषधाची अर्धी बाटली घेऊन आले. ती बघून गाव खवळलं.

सोपान मलिद्याची परात हातात धरून उभा होता. कुशाबाचा तो लहानपणापासूनचा सवंगडी, एका बाकावर बसून दोघांनी मास्तरांचा मार खाल्लेला. कुशाबाला वाटलं, आता हा बोलेल, शिव्या देईल, निदान परात आपटेल. पण सोपानने एकवार जमलेल्या सगळ्यांकडे नजर फिरवली, कुशाबाकडे जरा जास्त वेळ बघितलं, आणि मान खाली घातली.

"बोल की रे, सोपाना," कुशाबा म्हणाला.

सोपान बोलला नाही. गावाने त्याचा अर्थ लावायचा तो लावला. फौजदार साहेब बंदोबस्तात अडकलेले, ते पाकाळणीच्या दिवशी येऊ म्हणाले. यात्रा उलगडल्यावर देवीला अंघोळ घालून देऊळ धुवायचं, ती पाकाळणी. त्याच दिवशी सोपानच्या घराण्याचा मान काढून घ्यायचा आणि त्याला फौजदाराच्या ताब्यात द्यायचं, असं भावकीने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. पालखी यंदा उठली नाही. तमाशाचा फड आल्या पावली परत गेला. कुशाबाने सोपानला चावडीत नेऊन बसवलं आणि बाहेरून कडी लावली.

३

फरशीची देणगी मंचरच्या कन्हैयालाल शेठनी दिली होती. भुसार मालाचे व्यापारी, राजस्थानातून येऊन तीन पिढ्या मंचरात मुरलेलं घराणं. त्यांच्या पत्नी कंचनबाई दर पौर्णिमेला कुंडवाडीला यायच्या आणि कणकेच्या गोळ्या माशांना घालायच्या. सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा न पिणारी ही बाई, चालताना मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघून चालायची. त्या दिवशीही त्या आल्या, बरोबर मोठी सून नीलम. कुंडाकडे नजर गेली आणि कंचनबाईंच्या हातातला कणकेचा डबा पायऱ्यांवरून गडगडत खाली गेला. त्या पायरीवरच बसल्या.

नीलमने त्यांना पाणी दिलं, मुलीने द्यावा तसा खांद्याला आधार दिला, आणि मग ती एकटीच कुंडाभोवती फिरू लागली. लग्नाआधी ती पुण्यात रसायनशास्त्र शिकलेली, आता मंचरला कॉलेजात शिकवायची. काठाशी वाकून तिने पाण्याच्या कडेला जमलेला काळा थर बोटावर घेतला. कुशाबा जवळ गेला. ते पाण्यावर पळणारे किडे होते, मेलेले.

"पाटील काका, जनावरं हे पाणी प्यायली का?" तिने विचारलं.

काल संध्याकाळी आणि आज पहाटेही, कुशाबा म्हणाला. आदल्या दिवशीच आलेल्या पाहुण्यांचे बैल कुंडावरच पाजले होते, आणि ते खुशाल रवंथ करत होते. नीलमने मान डोलावली. मग तिने देवीपुढची हळद चिमूटभर घेतली आणि कुंडाच्या पाण्यात कालवली. हळद पिवळीच राहिली. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरला असता तर ती लाल झाली असती, असं तिने सांगितलं. म्हणजे फरशीचं सिमेंट दोषी नव्हतं.

कुशाबाला हे सगळं पोरखेळ वाटत होतं, पण कंचनबाईंच्या सुनेला तसं तोंडावर कोण म्हणणार? त्याने नुसतं विचारलं, की मग भागूचं काम असेल का. भागूने मागे एकदा याच कुंडात जाळं टाकलं होतं आणि गावाने त्याला झोडपलं होतं. नीलम म्हणाली, त्यालाच विचारू.

भागू देवळामागे बसून बिडी ओढत होता. त्याने काही आडपडदा ठेवला नाही.

"मासा मारायचा तो खायाला नायतर इकायला," तो म्हणाला. "एवढालं धन मारून तरंगत कोन ठिवल, ताई?"

नीलमला ते पटलं. खरं म्हणजे कुशाबालाही पटलं, आणि त्याचंच त्याला जास्त वाईट वाटलं. कारण आता सोपानशिवाय कुणी उरत नव्हतं.

४

चावडीत सोपान भिंतीला टेकून बसला होता. परात शेजारीच, मलिदा वाळून गेलेला. नीलमने त्याला मामा म्हणून हाक मारली आणि समोर जमिनीवर बसली. तिने विष टाकलंत का असं विचारलंच नाही. पिल्लं मागे का ठेवलीत, एवढंच विचारलं.

सोपान पहिल्यांदा बोलला. "पांढरी फरशी झाल्याव कुंडात लपायला जागा ऱ्हायली न्हाई. खंड्या पक्षी येतोय, वरनं समदं दिसतंय त्याला. मोठ्याला काय करत न्हाई तो, पन बारकी टिपून खातो. म्हनलं, जरा मोठी झाल्याव नेतो."

कुशाबाच्या छातीवरचा धोंडा हलला. इतकी साधी गोष्ट, आणि गावाने तिचा फास केला होता. पण नीलमने पुढे विचारलं, की काल संध्याकाळी तुम्ही कुठे होता, तेव्हा सोपानने पुन्हा कुशाबाकडे बघितलं आणि ओठ मिटले.

"मी सांगतो की," कुशाबा मध्येच म्हणाला. "आमच्यातच व्हता. दिवस मावळतीला सारा गाव वढ्याव व्हता. यात्रंत दोन दिस कुनी रानात जात न्हाई, मंग आदल्या दिवशी ज्यानं त्यानं फवारन्या उरकायच्या, वढ्याव अंघूळ करायची, गप्पा हानायच्या. दरसालचंच हाय. त्या टायमाला त्यो काय करनार?"

नीलम त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. मग, ओढ्यावर नक्की कुठे, असं तिने विचारलं. कुशाबा म्हणाला, गोमुखाच्या वरच्या अंगाला, मोठ्या खडकापाशी.

जाताना ती ओढ्याच्या काठाने चढून गेली. कुशाबा मागे मागे. घाणेरीच्या जाळ्यांत, दगडांच्या कपारीत, पाण्यात रुतलेल्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या तिने गोळा केल्या आणि पुजाऱ्याकडून मागून आणलेल्या पोत्यात भरल्या. काही नव्या होत्या, काहींवरची चिठ्ठी कधीच विरघळून गेली होती. पोतं भरलं तरी बाटल्या संपल्या नाहीत. कुशाबाने तिला सांगून बघितलं, की हा कचरा तर नेहमीचाच, ह्याचा आणि माशांचा काय संबंध. आम्ही दरवर्षी हेच करत आलो आणि मासे दरवर्षी जगले.

"तेच तर कोडं आहे, काका," नीलम म्हणाली.

मग तिने चार काचेच्या बाटल्या मागवल्या आणि उकळत्या पाण्याने धुऊन घेतल्या. दोनमध्ये कुंडातलं निवळ पाणी भरलं, दोनमध्ये डबक्यातलं तांबूस. तिचा नवरा कल्पेश दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने त्या घेऊन पुण्याला गेला. तिथे तिच्या जुन्या सरांची प्रयोगशाळा होती.

५

पाकाळणीच्या आदल्या दिवशी कुशाबा मंचरला शेठच्या दुकानात गेला. चावडीची कडी लावून त्याला आठवडा होत आला होता आणि जेवण गोड लागत नव्हतं. त्याची बायको बायडाबाई रोज दोन वेळा सोपानला डबा नेऊन द्यायची आणि परत आल्यावर नवऱ्याशी बोलायची नाही. सोपानची म्हातारी आई साळुबाई चावडीच्या पायरीवरच बसून होती. ती कुणाला बोल लावत नव्हती. तेच कुशाबाला जास्त सलत होतं.

दुकानातला फोन वाजला तेव्हा नीलम तिथेच होती. ती ऐकत गेली, मधूनच हं म्हणत गेली. एकदा तिने परत सांगा म्हणून विचारलं. रिसीव्हर खाली ठेवला तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. कंचनबाई गादीवर जप करत बसल्या होत्या. सुनेचा चेहरा बघून त्यांची माळ थांबली.

विष सापडलं का, कुशाबाने विचारलं.

"सापडलं. तुमच्या फ्लॉवरवर, टोमॅटोवर मारतात तेच. माणसाला, बैलाला इतक्याशानं काही होत नाही, पण माशाला आणि किड्याला लवलेशही पुरतो."

"म्हंजी कुंडात इख व्हतं."

"कुंडात होतं," नीलम म्हणाली. "पण काका, डबक्यात त्याहून जास्त आहे."

कुशाबाला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चुकलं. ज्या पाण्यात मासे मेले तिथे विष कमी, आणि ज्या पाण्यात पिल्लं जिवंत आहेत तिथे जास्त? कंचनबाईही उठून उभ्या राहिल्या. डबक्यातल्या पिल्लांना तर गाव रोज हात जोडतंय, त्या पुटपुटल्या, देवीनं राखली म्हणून.

नीलमने सासूचा हात धरला. उद्या पाकाळणीला सगळ्यांसमोर एक गोष्ट सांगावी लागेल, ती म्हणाली, आणि ती ऐकताना सगळ्यांत जास्त तुम्हाला लागेल. नको म्हणालात तर मी सांगणार नाही. कंचनबाईंनी माळ गादीवर ठेवली.

"निर्दोष माणूस कोंडलाय ना तिकडे?" त्या म्हणाल्या. "मग तू मला काय विचारतेस?"

६

पाकाळणीला अख्खी कुंडवाडी देवळापुढे होती. फौजदार खुर्चीवर, भावकी सतरंजीवर. सोपानला चावडीतून आणून खांबापाशी बसवलं होतं. सरपंचांनी मानाची गोष्ट काढली, तेव्हा नीलम उभी राहिली आणि आधी थोडं बेसन आणि थोडं गोडं तेल मागितलं. लोक एकमेकांकडे बघू लागले. बायडाबाई घरात जाऊन दोन्ही घेऊन आली.

नीलमने दोन्ही हातांना तेल चोपडलं. डावा हात नुसत्या पाण्याने धुतला, तो तेलकटच राहिला. उजव्या हाताला बेसन चोळून धुतलं, तो कोरडा झाला. ही गोष्ट समोर बसलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक होती. तेलाला पाणी आवडत नाही, नीलम म्हणाली, पण बेसन दिसलं की ते बेसनाला जाऊन चिकटतं आणि हाताला सोडतं. हे फवारणीचं औषधही तेलाच्याच जातीचं. पाण्यात पडलं की ते पाण्याला नाखूश असतं, चिकटायला कुणीतरी शोधतं. निवळ पाण्यात दुसरं काही नसलं की ते माशाच्या कल्ल्यांना धरतं. कल्ल्यावाटे अंगात शिरतं आणि मासा मरतो.

"आणि डबक्यात?" फौजदारांनी विचारलं. त्यांनाही आता गोडी लागली होती.

डबक्यातलं पाणी तांबूस का आहे, नीलमने उलट विचारलं. पानं कुजून त्यांचा काढा पाण्यात उतरलाय. तो डोळ्यांना गाळासारखा वेगळा दिसत नाही, फडक्याने गाळला तरी निघत नाही, पण पाण्यात असतो. तो काढा म्हणजे तिथलं बेसन. औषध त्याला चिकटून बसतं. पुण्याला सरांनी वेगवेगळं मोजून बघितलं. डबक्यात विष आहे, भरपूर आहे, पण जवळजवळ सगळं त्या काढ्याला बांधलेलं. सुटं विष नाहीच्या बरोबर. पिल्लं विषात पोहतायत आणि विष त्यांच्यापर्यंत पोचत नाहीये.

मग नीलमचा आवाज थोडा हलला.

"कुंडाचं पाणीही असंच तांबूस होतं, पिढ्यान्‌पिढ्या. आम्ही ते उपसलं. तळाचा पाला खरवडून काढला, वरची उंबराची फांदी तोडली, फरशी बसवली आणि बोअरचं निवळ पाणी भरलं. मासे नीट दिसावेत म्हणून. ही इच्छा माझ्या सासूबाईंची. माशांचं कवच आम्हीच काढून घेतलं. सोपानमामा नको म्हणत होते, तेव्हा त्यांचं कुणी ऐकलं नाही."

कंचनबाईंनी पदराचं टोक तोंडात कोंबलं होतं. त्या रडत नव्हत्या, नुसत्या कुंडाकडे बघत होत्या. कुशाबाला त्यांच्याकडे बघवेना. आयुष्यभर मुंगी वाचवत चाललेल्या बाईच्या वाट्याला हे यावं, हे त्याला देवीचं फार वाकडं वागणं वाटलं.

सरपंच मात्र हट्टी माणूस. ते म्हणाले, ते सगळं खरं असेल, पण विष टाकलं कुणी? कवच काढलं म्हणून बाण कुणी मारला ते थोडंच सुटतं?

"गोमुखाच्या दगडापाशी दोन सारखे वाटे होतात," नीलम म्हणाली. "विष कुंडातही सापडलं आणि डबक्यातही. म्हणजे ते कुंडावर कुणी ओतलेलं नाही. वरून, ओढ्यातून आलेलं आहे. डबकं लहान, म्हणून तिथे जास्त साठलं. आता पाटील काकांनी मला सांगावं. यात्रेच्या आदल्या संध्याकाळी मोठ्या खडकापाशी अंघोळीआधी तुम्ही सगळे काय करता?"

कुशाबा तोंड उघडणार होता. गप्पा हाणतो, असं म्हणणार होता. आणि मग त्याला ती संध्याकाळ जशीच्या तशी दिसली. पाठीवरचा पंप उतरवलेला. त्यातलं उरलेलं औषध खडकावर उपडं केलेलं. पंपात ओढ्याचं पाणी भरून, हलवून, पुन्हा ओढ्यातच ओतलेलं. पांढरं पाणी खडकाच्या कडेने खाली जात होतं. शेजारी दुसरा पंप, त्याच्या शेजारी तिसरा. जितकी घरं तितके पंप, आणि सगळे हसत होते. त्याने स्वतः कसलीशी नक्कल केली होती आणि लोक पोट धरून हसले होते. दरवर्षी हेच. दरवर्षी केलेल्या कामाला कुणी कृत्य म्हणत नाही. कुणी ते डोक्यातही ठेवत नाही.

"पंप धुतो," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "समदंच धुतो. म्या बी धुतला."

मघापर्यंत सोपानकडे रोखलेल्या नजरा ज्याच्या त्याच्या पायाकडे वळल्या. सतरंजीवर बसलेल्या भावकीत एकही माणूस असा नव्हता की ज्याने त्या संध्याकाळी पंप धुतला नव्हता.

कुशाबा सोपानकडे वळला. तुला हे ठाऊक होतं ना, त्याने विचारलं, मग गप का बसलास?

"मासं मेल्यालं बघितलं तवाच मला पंप आठावलं," सोपान म्हणाला. "माझा बी त्यात व्हताच की. नावं घ्यायची तर साऱ्या गावाची घ्याया लागली असती, आन पयलं तुझं. तू गोमुखाच्या अगदी वरच बसला व्हतास. मला वाटलं, एकाला धरलंय तर धरू द्या."

फौजदार उठले. टोपी घातली. साऱ्या गावाला बसवायला माझ्याकडे गाडी नाही, असं काहीतरी पुटपुटत ते जीपकडे गेले. पण त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती.

७

त्याच दुपारी कंचनबाईंनी फरशी फोडायला सांगितली. आपल्या पैशाने बसवली, आता आपल्याच पैशाने काढा, आणि पाला परत पडू द्या. साळुबाईने त्यांना जवळ बसवून घेतलं. दोघी म्हाताऱ्या बराच वेळ कुंडाच्या पायरीवर बसून होत्या. सोपानच्या घराण्याचा मान राहिला. सरपंचांनीच तसं जाहीर केलं, फक्त जरा हळू आवाजात.

निघण्यापूर्वी नीलम कुशाबाला डबक्याकडे घेऊन गेली. अजून एक गोष्ट सांगायची राहिलीय, ती म्हणाली. काढ्याने विष बांधून ठेवलं म्हणजे ते संपलं असं नाही. ते काढ्याच्या खांद्यावर बसून जिथे पाणी जाईल तिथे जातं. सुटं असतं तर वाटेत मातीने धरून ठेवलं असतं. बांधलेलं लांब जातं. डबक्यातून हे पाणी पुढे कुठे जातं, काका?

कुशाबाने ओढ्याच्या वाटेने नजर खाली नेली. बांधामागून, चिंचेखालून ओढा वळसा घेत होता, आणि वळणावर गावाच्या नळपाणी योजनेची विहीर होती. ओढ्याचं पाणी पाझरून तिच्यात उतरायचं म्हणून तर ती तिथे खोदली होती. ते पाणी तपासायला बाटल्या आजच घेऊन जाते, नीलम म्हणाली, आणि तोवर त्या विहिरीचं पाणी पिऊ नका. तिने त्याला धीर द्यायचा प्रयत्न केला नाही.

ती गेल्यावर सोपान आला. हातात पाणी भरलेली बादली, त्यात डबक्यातली दोन पिल्लं. देवळामागच्या जुन्या दगडी डोणीत पुजाऱ्याने गेल्या पावसाचं पाणी आणि उंबराचा पाला साठवून ठेवला होता. तिथे ओढ्याचा थेंबही पोचत नव्हता. कुंड पुन्हा तांबूस होईपर्यंत पिल्लं तिथेच वाढवू, असं त्याने ठरवलं होतं.

"तुझ्या हातानं सोड, कुशाबा," तो म्हणाला. "मान माझा हाय, मी म्हनंल त्यानं सोडायचं."

कुशाबाने हात पुढे केले आणि मागे घेतले. नाकाशी नेऊन बघितले. आठवडा झाला, रोज अंघोळ झाली, तरी त्याला वाटलं की वास अजून आहेच. तो धावतच घरी गेला. बायडाबाईने न बोलता बेसनाचा डबा पुढे केला. ओट्यावर बसून त्याने कोपरापर्यंत बेसन चोळलं, नखांत चोळलं, बोटांच्या बेचक्यांत चोळलं, आणि खाली घमेलं ठेवून त्यात हात धुतले. पुन्हा चोळलं, पुन्हा धुतले. शेवटी हात कोरडे, पांढरट आणि बिनवासाचे झाले.

घमेल्यात गढूळ पाणी साठलं होतं. ते उचलून तो अंगणात आला. मोरीचं पाणी ओढ्याला जातं. परसातलं पाणी उताराने विहिरीकडे जातं. तुळशीला घालवेना. सोपान तिकडे पिल्लं घेऊन वाट बघत होता, आणि कुशाबा दोन्ही हातांत घमेलं धरून अंगणात उभा होता. ते कुठे ओतायचं, हे त्याला कळत नव्हतं.